शिक्का आणि सत्य : मराठवाड्याच्या विद्यार्थ्याविषयीचे समज



बीड जिल्ह्यातील एखादा तरुण पदवी घेऊन पुण्या-मुंबईत मुलाखतीला जातो, तेव्हा त्याच्या गुणपत्रिकेतील आकड्यांआधी तिच्या माथ्यावरचे विद्यापीठाचे नाव वाचले जाते. ते वाचताच समोरच्याच्या मनात काही वाक्ये आपोआप उमटतात. ‘मराठवाड्याचे गुण म्हणजे कॉपीचे गुण.’ ‘त्या विद्यापीठात अभ्यास कमी आणि आंदोलने फार.’ ‘तिकडच्या मुलांना धड बोलता येत नाही.’ ‘सरकारी नोकरीपलीकडे त्यांना काही दिसत नाही.’ ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचाची निर्घृण हत्या झाली आणि त्यानंतर तर ‘बीडचा’ हा एक शब्दच जणू आरोपपत्र ठरू लागला. ज्या मुलाचा त्या घटनेशी काडीचा संबंध नाही, त्यालाही आपल्या गावाचे नाव सांगताना क्षणभर अडखळावे लागते.

हे समज खरे आहेत काय, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. या प्रश्नाला मराठवाड्यात सहसा दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर संतापाचे : ‘सारे खोटे आहे, ही पुण्या-मुंबईची मिजास आहे.’ दुसरे उत्तर खजीलपणाचे : ‘काय करणार, आमचा भागच तसा मागासलेला!’ दोन्ही उत्तरांत एक सोय आहे. कोणतेही उत्तर दिले, तरी पुढे विचार करण्याचे कष्ट वाचतात.

अमेरिकेतील विचारवंत वॉल्टर लिपमन यांनी १९२२ साली लोकमतावरील आपल्या ग्रंथात अशा समजांसाठी एक शब्द रूढ केला. तो त्यांनी छापखान्यातून उचलला होता. एकदा ओतलेल्या धातूच्या ठशावरून हजारो प्रती निघतात आणि प्रत्येक प्रत सारखीच असते. माणसांविषयीचे ठोकळेबाज समजही असेच असतात. ठसा तयार झाला की समोरच्या माणसाकडे नव्याने पाहावे लागत नाही. म्हणून असा कोणताही समज पारखताना तीन प्रश्न विचारावेत. त्यात तथ्य किती आहे? ते फक्त येथेच आहे की इतरत्रही आहे? आणि जेवढे तथ्य आहे, त्याचे कारण माणसाच्या स्वभावात आहे की त्याच्या परिस्थितीत?

पार्श्वभूमी

मराठवाड्यातील उच्च शिक्षणाचे वय फार नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठ निघाले ते १९१८ साली, आणि तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी घरातल्या मुलाला आधी परकी भाषा पचवायची आणि मग विषय शिकायचा, असा दुहेरी भार होता. अंबाजोगाई, म्हणजे निजामी दप्तरातील मोमिनाबाद, येथे स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राष्ट्रीय शिक्षणाचे जे व्रत चालवले, त्याचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि एस. आर. डोंगरकेरी त्याचे पहिले कुलगुरू झाले.

म्हणजे मुंबई विद्यापीठ शंभरी पार करत असताना हे विद्यापीठ जन्माला आले. त्याच्याकडे आलेला विद्यार्थी बहुतेक वेळा आपल्या घराण्यातील पहिला पदवीधर होता. आजही चारशेहून अधिक संलग्न महाविद्यालयांचा पसारा सांभाळणाऱ्या या विद्यापीठाचा विद्यार्थी म्हणजे विद्यापीठाच्या आवारातला विद्यार्थी नव्हे. तो शिरूर कासारचा आहे, वडवणीचा आहे, धारूरचा आहे. तासिका तत्त्वावर काम करणारा प्राध्यापक जमेल तसा त्याला शिकवतो. अशा विद्यार्थ्याची तुलना महानगरातील नामवंत महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याशी करणे, म्हणजे कोरडवाहू शेताचा उतारा बागायती मळ्याच्या उताऱ्याशी ताडून पाहण्यासारखे आहे.

कॉपीचा कलंक

सर्वांत जिव्हारी लागणारा आरोप कॉपीचा आहे. तो सर्वस्वी खोटा आहे असे म्हणणे हे असत्य ठरेल. परीक्षा केंद्राच्या भिंतीवर चढणारे नातेवाईक, खिडकीतून आत येणाऱ्या चिठ्ठ्या, दार लावून घेणारे केंद्रसंचालक आणि भरारी पथकाची गाडी गावाच्या वेशीत शिरताच वर्गात पोहोचणारा निरोप, हे सारे या जिल्ह्याने पाहिले आहे. जे घडले ते घडले नाही असे सांगून कोणत्याही प्रदेशाची अब्रू वाचत नाही.

परंतु दुसरा प्रश्न विचारावाच लागतो : हे केवळ येथेच आहे काय? परीक्षांतील गैरप्रकार रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८२ साली स्वतंत्र कायदा केला. तो विद्यापीठे आणि मंडळे यांच्या परीक्षांना साऱ्या राज्यात लागू आहे. एकट्या मराठवाड्याचा रोग असता, तर साऱ्या राज्यासाठी औषध काढावे लागले नसते. २०२१ साली शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरव्यवहार उघडकीस आला तो पुण्यात, आणि राज्याच्या परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा घाट घातला. निकाल मुदत उलटून गेल्यावरही लागेनात आणि अखेर कुलगुरूंना पद गमवावे लागले. तथापि त्या वर्षीच्या मुंबईच्या पदवीधराकडे कोणी संशयाने पाहिले नाही. मुंबईत घडले तर तो प्रशासनाचा दोष, पुण्यात घडले तर तो काही व्यक्तींचा गुन्हा आणि बीडमध्ये घडले तर मात्र तो तेथील मुलांचा स्वभाव! एकाच अपराधाला तीन ठिकाणी तीन न्याय लावले जातात.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शेजारच्या नांदेड जिल्ह्याने दिले आहे. नांदेड १९९४ पर्यंत याच विद्यापीठाच्या छायेत होते. त्या वर्षी १७ सप्टेंबरला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि नांदेड, लातूर, परभणी हा भाग वेगळा झाला. माती तीच, घरे तशीच, मुले तशीच. २०१० च्या सुमारास तेथील तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी शालान्त परीक्षांत कॉपीमुक्तीचे अभियान हाती घेतले. मुलांना आणि पालकांना आधीपासून समजावले, केंद्रांवर कडक देखरेख ठेवली आणि खाली आलेल्या निकालाचा रोष पत्करला. पुढे हेच अभियान राज्यभर नेण्यात आले. कॉपी जर मुलांच्या रक्तात असती, तर एका प्रशासकाच्या निर्धाराने ती हटली असती काय? मुले बदलली नव्हती, परीक्षेची खोली बदलली होती. वडीलधाऱ्यांनी दार लावून घेतले की मुले चिठ्ठी काढतात आणि वडीलधाऱ्यांनी दार उघडे ठेवले की तीच मुले पुस्तक काढतात. तेव्हा या कलंकाचा मोठा वाटा विद्यार्थ्यांकडे जात नाही. तो निकालाची टक्केवारी हीच आपली प्रतिष्ठा मानणाऱ्या संस्थाचालकांकडे, डोळेझाक करणाऱ्या शिक्षकांकडे आणि भिंतीवर चढणाऱ्या पालकांकडे जातो.

आंदोलनांची भूमी

दुसरा समज असा की हे विद्यापीठ आंदोलनांचा आखाडा आहे. या समजातही तथ्य आहे. मात्र त्याचे दोन भाग वेगळे करावे लागतात, कारण एक अभिमानाचा आहे आणि दुसरा पश्चात्तापाचा.

१९३८ साली वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल निजामाच्या राज्यातील विद्यार्थ्यांना शिक्षणसंस्थांतून काढून टाकण्यात आले. त्यांनी माफी मागितली नाही. नागपूर विद्यापीठाने त्यांच्यासाठी आपली दारे उघडली, आणि त्या विद्यार्थ्यांमध्ये पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही होते. १९७४ साली मराठवाड्यातील विद्यार्थी पुन्हा रस्त्यावर उतरले ते रोजगार, रेल्वेचे रुंदीकरण आणि विकासाचा न्याय्य वाटा यांसाठी. त्या मागण्या अवास्तव होत्या काय? बीड शहरात पहिली प्रवासी रेल्वेगाडी धावली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. जिल्ह्याच्या ठिकाणी रेल्वे पाहायला स्वातंत्र्यानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षे लागली, त्या जिल्ह्याचा तरुण आवाज चढवतो म्हणून त्याला उपद्रवी ठरवणे सोपे आहे, न्याय्य नाही.

दुसरा भाग मात्र मान खाली घालायला लावणारा आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि त्यानंतर मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळण्यात आली. विरोधाच्या त्या लाटेत शिकलेले तरुणही होते. ज्या महापुरुषाने या भागात उच्च शिक्षणाचे दार उघडले, त्याच्याच नावासाठी सोळा वर्षे थांबावे लागले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव झाले. या इतिहासावर पांघरूण घालणारा समाज समरसतेची भाषा बोलण्याचा अधिकार गमावतो. परंतु आज या विद्यापीठात शिकणारा मुलगा त्यानंतर जन्मला आहे. त्याच्या प्रवेशपत्रावर बाबासाहेबांचे आणि मराठवाड्याचे नाव एकत्र छापलेले असते. त्याला आजोबांच्या पिढीच्या रागाचा वारसदार मानायचे की त्या एकत्र नावाचा, हे ठरवताना न्याय त्याच्या आजच्या वागणुकीवरून व्हावा.

बोली आणि विद्वत्ता

तिसरा समज भाषेचा. ‘जायलो’, ‘करायलो’ असे बोलणारा मुलगा शहरात तोंड उघडतो आणि आजूबाजूला हसू पसरते. उच्चार वेगळा म्हणजे बुद्धी कमी, असा हिशेब क्षणात मांडला जातो. हा समज मात्र सपशेल खोटा आहे आणि त्याचे पुरावे बीड जिल्ह्यातच आहेत. ज्यांना मराठीचे आद्यकवी म्हणून मान दिला जातो, त्या मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईत दाखवली जाते. कापडाच्या लांबलचक पासोडीवर ओव्या लिहिणारे आणि सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ रचणारे दासोपंत याच गावचे. आज घरोघरी ज्ञानेश्वरी वाचली जाते, तिच्या पाठाचे शुद्धीकरण शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथ महाराजांनी केले. त्यांचे पैठण याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आहे. ज्या मुलखाने मराठीला तिचे ग्रंथ दिले, त्या मुलखाच्या लेकरांना मराठी येत नाही, असे म्हणणाऱ्याला मराठीचा इतिहास ठाऊक नाही.

आधुनिक काळातही या विद्यापीठाच्या मराठी विभागाचे प्रमुखपद यू. म. पठाण यांनी भूषवले. त्यांनी संतसाहित्याच्या संशोधनाला आयुष्य वाहिले आणि २००७ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. मात्र येथेही एक सत्य मान्य करावे लागते. इंग्रजीचा सराव आणि चार लोकांत मुद्देसूद बोलण्याची सवय यांत ग्रामीण विद्यार्थी मागे पडतो. ही उणीव संधीची आहे आणि ती प्रयत्नाने भरून निघते. बोलीची लाज बाळगून ती भरून निघत नाही.

नोकरीचा ध्यास आणि कोयता

चौथा समज सरकारी नोकरीच्या वेडाचा. पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत आणि जिल्ह्याच्या मैदानांवर पहाटे पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या मुलांत बीडची संख्या मोठी आहे, हे खरेच आहे. पण हा ध्यास समजून घ्यायचा असेल, तर दसरा-दिवाळीच्या सुमारास पाटोदा, धारूर किंवा वडवणी तालुक्यातील गावे पाहावीत. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे संसार ट्रकमध्ये भरून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखरपट्ट्यात निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘एक कोयता’ म्हणतात, म्हणजे दोन जीव मिळून एक हत्यार. ही माणसे परततात ती पाडव्याच्या आगेमागे. विद्यापीठाचे शैक्षणिक वर्ष याच काळात चालते. पहिल्या सत्राची परीक्षा येते तेव्हा आई-बाप फडावर असतात. मुलगा आजी-आजोबांजवळ राहतो, जनावरांचे करतो, धाकट्या भावंडांना शाळेत धाडतो आणि मग पेपर देतो.

अशा घरातील मुलाला दरमहा ठरल्या तारखेला येणारा पगार हा आळशीपणाचा मार्ग वाटत नाही. कोयता आपल्या पिढीत हातातून सुटण्याचा तो एकमेव खात्रीचा उपाय वाटतो. जिल्ह्यात उद्योग किती आहेत? परळीच्या औष्णिक वीज केंद्रालासुद्धा २०१३ साली पाण्याअभावी बंद राहावे लागले होते. जेथे वीज केंद्राला पाणी मिळत नाही, तेथे दहा हजारांचे भांडवल घालून धंदा करण्याचे धाडस भूमिहीनाच्या मुलाने का केले नाही, हा प्रश्न भरल्या पोटीच सुचू शकतो. तरीही लाखो अर्ज आणि मोजक्या जागा, हे गणित तरुणांनी डोळसपणे मांडलेच पाहिजे. पाच-सात वर्षे अभ्यासिकेत घालवून तिशीला रिकाम्या हाताने परतणे, ही घराच्या उचलीत आणखी एका उचलीची भर आहे.

शिक्का कोणाच्या माथी?

अशा समजांचा सर्वांत मोठा अपाय बाहेरच्यांच्या नजरेने होत नाही. तो होतो समज विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मनात उतरल्यावर. १९९५ साली क्लॉड स्टील आणि जोशुआ अ‍ॅरनसन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. ही चाचणी तुमची बुद्धी मोजणार आहे, असे सांगितल्यावर त्यांची कामगिरी खालावली. तसे न सांगता तीच चाचणी दिली, तेव्हा ती सुधारली. पुढील संशोधकांना हा परिणाम सर्वत्र सारख्या प्रमाणात आढळला नाही, हेही नमूद केले पाहिजे. तरीही मुलाखतीच्या दाराशी ‘आपण बीडचे’ या विचाराने ज्याचा घसा कोरडा पडला आहे, त्याला या प्रयोगाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

मग उपाय कोणता? बाजारात खोटी नाणी शिरली की दुकानदार खरे नाणेही वाजवून घेतो, आणि खोट्यांचे प्रमाण फार वाढले की त्या टाकसाळीचे नाणेच घेईनासा होतो. खोटे नाणे खपवणारा तोवर पसार झालेला असतो, नुकसान होते ते खऱ्या नाण्याच्या धन्याचे. पदवीचेही असेच आहे. कॉपी करणाऱ्याला पासष्ट टक्के आणि कंदिलाच्या उजेडात अभ्यास करणाऱ्या ऊसतोड मजुराच्या मुलीलाही पासष्ट टक्के मिळाले, तर मुलाखत घेणाऱ्याने त्या दोघांत भेद कसा करावा? तो भेद करत नाही, दोघांनाही परत पाठवतो. कॉपी म्हणजे गरिबाला केलेली मदत, असा एक गोड गैरसमज गावोगाव आहे. प्रत्यक्षात ती गरिबाच्या प्रामाणिक मुलीच्या घरावर घातलेली धाड आहे. श्रीमंताचा मुलगा दुसऱ्या विद्यापीठात जाऊ शकतो, ओळखीने चिकटू शकतो. त्या मुलीजवळ गुणपत्रिकेशिवाय दुसरे काही नाही, आणि तिचेच मोल मातीमोल केले जाते.

म्हणून ठोकळेबाज समजांविरुद्धची लढाई पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांत लढायची नाही. ती परीक्षेच्या हंगामात आपापल्या गावच्या केंद्रावर लढायची आहे. संस्थाचालकाने पडलेल्या निकालाची शरम न बाळगता उसन्या निकालाची बाळगावी. शिक्षकाने पर्यवेक्षण हे अध्यापनाइतकेच पवित्र मानावे. पालकाने भिंतीवर चढण्याऐवजी वर्षभर मुलाची वही पाहावी. विद्यार्थ्याने शेजाऱ्याची चिठ्ठी परत करण्याचे धैर्य दाखवावे. आणि ज्यांच्या घरी आई-बाप कारखान्यावर गेले आहेत, त्या मुलांसाठी गावात संध्याकाळचा एखादा अभ्यासवर्ग, दोन वेळचे जेवण आणि एक वडीलधारे माणूस यांची सोय समाजाने करावी. त्यासाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. निजामाच्या करड्या राजवटीत अंबाजोगाईच्या मंडळींनी राष्ट्रीय शिक्षण चालवले, ते कोणाच्या अनुदानावर नव्हते.

समज खरे आहेत काय, या प्रश्नाचे उत्तर असे आहे : काही अंशी खरे, बऱ्याच अंशी अन्यायाचे आणि सर्वस्वी बदलता येण्याजोगे. ज्या दिवशी बीडच्या मुलीची गुणपत्रिका हाती घेणारा माणूस विद्यापीठाच्या नावापाशी न थांबता खालचे गुण वाचेल आणि त्यांवर विश्वास ठेवील, त्या दिवशी तो शिक्का पुसला गेला असे समजावे. तो विश्वास त्या मुलीला मिळवून देणे, हे या सभागृहातील प्रत्येकाचे देणे आहे.